दादांच्या मागून लावलेली कानस

शुक्रवार पेठेतल्या त्या घरात तीन पिढ्या तंबोरे होत होते. भोपळा कापायचा, लाकूड कोरायचं, ही कामं सगळ्यांची. जवारी मात्र थोरल्याची. तारांखालची शिंगाची घोडी कानशीनं जराजरा घासायची आणि तार गुंजायला लागली की थांबायचं. थोरल्यानं कानस खाली ठेवली की त्या घोडीला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. हा घरचा कायदा.

एकाहत्तर सालच्या सुमाराला थोरले भाऊ गणपतराव, घरातले दादा, कानानं गेले. ते कबूल करायचे नाहीत. "लोकं अलीकडं पुटपुटत्यात," म्हणायचे. जवारी सोडली नाही.

धाकट्या भावाला, अण्णासोला, ती बद्द लागायची, तार गुंजायचीच नाही. सांगितलं तर दादांच्या हातात उरणार काय? दादा चहाला गेले की तो तारा सैल करून घोडी पुन्हा घासायचा. त्याला कानस धरायला दादांनीच शिकवलेलं. त्या दिवशी जेवताना त्याला दादांकडं बघवायचं नाही.

एकदा राजारामपुरीतल्या गाणं शिकवणाऱ्या सरोजिनीबाई तार बदलायला तंबोरा घेऊन आल्या.

"गणपतराव, हात आणखी गोड झालाय की तुमचा!"

अण्णासोला ते दादांच्या कानात ओरडून सांगावं लागलं.

"आत्ता न्हाय गोड व्हायचा तर काय मेल्यावर?" दादा हसले. तार काढून त्यांनी घोडी उजेडात धरली. हसू थांबलं. घासल्याच्या रेघा उलट्या पडल्या होत्या. घरात डावरा एकच, अण्णासो.

बाईंना त्यांनी नवी तार चढवून दिली. दुसऱ्या दिवशी नवा तंबोरा आणि कानस त्यांनी अण्णासोपुढं ठेवली.

"काढ जवारी."

"दादा, तुमी असताना—" अण्णासो त्यांच्या कानाशी ओरडला.

"मी असतानाच करतुयास न्हवं? मग माज्या म्होरं कर. चोरून कशाला?"

अण्णासोनं खाली मान घालून घोडी घासली.

"सूत तेवढं मी लावतो," दादा म्हणाले. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा घालून ते तो सरकवत राहिले; नेमक्या जागी आला की तार गुंजते. कुठं थांबायचं ते कानाला कळेना. तार छेडून त्यांनी अण्णासोच्या तोंडाकडं बघितलं.

अजून बद्दच होती. होय म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं तो दादांना सगळं बरोबर आहे असंच भासवत आला होता.

अण्णासोनं नकारार्थी मान हलवली. दादांनी दोरा पुढं सरकवला आणि पुन्हा त्याच्या तोंडाकडं बघितलं.