देखाव्याचं विमान

बसा, चहा येतोय. तोवर माझी एक फजिती ऐका. गाढवपणा मी जन्मात पुष्कळ केला, पण घरात केला, चार भिंतींत केला. हा एक मात्र भर गणपतीत, अख्ख्या गल्लीसमोर, आणि तो पण माईक हातात घेऊन केला. मला कुणी ढकललं न्हाय, बरं का. मी आपल्या पायानं चालत गेलतो.

तुम्हाला म्हाईतच हाय, मी स्टँडवर कंट्रोलर होतो. 'गारगोटीला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागलेली आहे' असं दुसऱ्यांच्या गाड्यांचं सांगण्यात सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर म्हटलं, आता आपली गाडी लागू दे की! म्हणून बुलेट घेतली, आणि तिसऱ्या दिवशी बिद्रीच्या रस्त्याला सरळ उसात घातली. उसाला काय झालं न्हाय. माझा हात मोडला. तोच प्लास्टरचा हात आमच्या मंडळींनी, म्हणजे शोभानं, स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घ्यायला लावली, की परत दोन चाकाच्या कशावर म्हणून बसणार न्हाय.

बसलो का मी? न्हाय बसलो. विमानाला तीन चाकं असतात.

हसू नका. सांगलीला एक दातांचे डॉक्टर हायत, त्यांनी हौसेनं विमानाचं किट मागवलंतं. पेट्यांतनं सगळं सुटं येतं. पत्रे, नळ्या, चाकं, इंजीन, आणि कसं जोडायचं ते सांगणारं एक जाडजूड पुस्तक. घरात बसून जोडायचं, परवानगी काढायची आणि उडायचं. दोन माणसांचं विमान. डॉक्टरांची शेपटी जोडून झाली तेवढ्यात त्यांच्या बायकोनं विचारलं, विमान पाहिजे का मी? डॉक्टर अजून संसारात हायत. विमान माझ्याकडं आलं.

मारुती गाडी रस्त्यावर काढली आणि गॅरेजमध्ये पेट्या लावून घेतल्या. शोभा गेलती बहिणीकडं, ती येणार होती सांजच्याला, आली दुपारीच. दारात उभी राहून म्हणाली, "हे काय आणि नवीन?"

आता माझं तोंड! तीस वर्षं माईकवर बोलायची सवय. डोकं चालायच्या आधी तोंड चालतं. मी म्हटलं, "तालमीच्या गणपतीचा देखावा हाय. विमानाचा."

कोपऱ्यावरच्या तालमीत, म्हणजे आमच्या गल्लीच्या मंडळात, मी आजवर एकदाच गेलतो, ते पण स्पीकर बारीक करा म्हणून भांडायला. पण शोभानं काय विचारलं न्हाय. पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मला वाटलं, गहिवरली. दुसऱ्या दिवसापासनं चारच्या ठोक्याला आल्याचा चहा गॅरेजमध्ये यायला लागला. देवाचं काम करणाऱ्या माणसाचा चहा तो. घशाखाली उतरायचा न्हाय, पण मी उतरवला.

अशी तीन वर्षं काढली, काय समजलाय! रिवेट मारून मारून बोटं सुजली. पुस्तकातलं एक पान समजायला मला आठवडा लागायचा. दरवर्षी गणपती जवळ आला, की शोभा विचारायची, "यंदा होतंय का?" मी म्हणायचो, डावा पंख राहिलाय. पुढच्या वर्षी उजवा राहिलेला असायचा. ती म्हणायची, होऊ दे सावकाश, देवाला कुठं घाई हाय.

यंदा मात्र विमान तीन चाकांवर उभं राहिलं. पंख झाले, पंखा झाला, रंग झाला. खरं सांगतो, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. फक्त इंजीन बसवायचं राहिलंतं, ते पेटीत घालून वर तांदळाची पोती रचलीती. दिवाळीनंतर इंजीन, मग कागदपत्रं, मग एखाद्या सकाळी शोभाला फिरायला म्हणून न्यायचं आणि वर गेल्यावर सांगायचं, असा माझा बेत. वर गेल्यावर बायको भांडून जाणार कुठं?

आणि शोभानं भिशीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीचा अध्यक्ष बबन वीस-पंचवीस पोरं, हार आणि नारळ घेऊन दारात. माझ्या गळ्यात हार घातला, पाया पडला आणि म्हणाला, "आण्णा, आम्ही तुमाला उगंच वंगाळ माणूस समजत हुतो." त्यांनी म्हणे यंदा पन्हाळ्याचा देखावा करायचा ठरवलंतं. तो रद्द केला. थर्माकोल परत देऊन आले. बाप्पा आता आण्णांच्या विमानातनं येणार, असा बोर्ड पण रंगवायला टाकलाता.

बघा आता माझी अवस्था. न्हाय म्हणावं, तर विमान खरं हाय हे उघडं पडणार. शपथ मोडली म्हणून शोभा काय ते ठेवणार न्हाय, थेट भंगारात. व्हय म्हणावं, तर माझं तीन वर्षांचं लेकरू या दांडग्यांच्या हातात. मी मागं वळून बघितलं, तर शोभा हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी. विमानाला लावायला! मी म्हटलं, न्या.

पंख काढून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत विमान घातलं. मी बाजूनं हळू, हळू करत पळतोय. पोरं म्हणायला लागली, आण्णा, खोटं विमान एवढं कशाला जपताय? काय सांगणार? बबनला पंखाला भोकं पाडून लाइटच्या माळा ओढायच्या होत्या. मी सांगितलं, देवाच्या वाहनाला भोक पाडणं अशुभ असतंय. कुठल्या पोथीत लिहिलंय म्हणून विचारलं असतं, तर मेलो असतो. पण पोरं भाविक. माळा टेपनं चिकटवल्या.

मग बबन म्हणाला, पंखा फिरला पाहिजे. नाकाच्या झाकणाखाली मोकळी जागा होतीच, तिथं पोरांनी कुलरची मोटर बसवली. पंखा असा झोकात फिरायला लागला, की मलाच भरून आलं. आत बाप्पा, खाली कापसाचे ढग, आणि मी रात्रंदिवस खुर्ची टाकून शेजारी. कुणी पंखाला टेकलं, की ओरडतोय. गल्लीत शोभाला बायका म्हणायच्या, काय भक्ती हो तुमच्या यजमानांची! आणि शोभा परत पदर तोंडाला लावायची.

सहाव्या दिवशी स्पर्धेचे परीक्षक आले. तिघं होते. त्यांतले मुख्य, कुठल्याशा शाळेतले ड्रॉइंगचे रिटायर सर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि माईक घेतला. मूर्ती सुंदर म्हणाले. ढग छान म्हणाले. मग म्हणाले, "विमान मात्र खोटं वाटतं. पंखांचं प्रमाण साफ चुकलंय. मुलांनी एकदा खरं विमान बघून यायला हवं होतं."

आता मी गप बसायचं का न्हाय? चार दिवसांनी विसर्जन, विमान सुखरूप घरी, कुणाला पत्ता न्हाय. शहाणा माणूस काय करील? नमस्कार करील, परीक्षकांना पेढा देईल. पण माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! मी सरांच्या हातातला माईक काढून घेतला.

"सर, हे खरं विमान हाय. एकेक रिवेट मी मारलाय. आणि दिवाळीनंतर मी स्वतः हे उडवणार हाय."

पहिल्या रांगेत शोभा, हातात आरतीचं ताट. सर चष्म्यावरनं बघत म्हणाले, "असं का? मग इंजीन दाखवा."

"दाखवतो की," म्हणत मी तरातरा गेलो आणि नाकाचं झाकण उघडलं. लोकांकडं तोंड, हात मागं इंजिनाकडं. फलाट दाखवावा तसा.

आधी पुढची पोरं हसली. मग बायका हसल्या. मग बबन खाली बसला. मी वळून बघितलं. कुलरची मोटर, सुतळीनं बांधलेली, आणि खडखडू नये म्हणून सगळीकडनं माझा जुना बनियन कोंबलेला. इंजीन घरात तांदळाखाली! रागाच्या भरात ध्यानातच राहिलं न्हाय हो.

सरांचे डोळे पुसून संपेनात. विमानाचे मार्क त्यांनी कापलेच, पण विनोदी निवेदन म्हणून मला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. बबन म्हणाला, आण्णा, हे रोज आठ वाजता करूया. म्हणजे बघा, खरं बोलून पण मी वाचलो! कुणाचा विश्वासच बसला न्हाय.

हसली न्हाय ती एकटी शोभा.

घरी जाताना ती पुढं, मी मागं. आरतीचं ताट तिनं देव्हाऱ्यापुढं ठेवलं आणि मी कबूल करून टाकलं. म्हटलं, शोभा, ते विमान खरंच हाय. देखावा-बिखावा सगळं मी खोटं बोललो.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासनं. पेटीवर ढगातलं विमान काढलंय, आत माणूस बसलाय. मला डोळे हायत."

मी म्हटलं, "मग तीन वर्षं गप कशी ऱ्हायलीस? मी वर जाऊन पडीन, याचं भ्या न्हाय वाटलं तुला?"

"कशाला वाटंल?" ती म्हणाली. "अवो, तुम्ही ठोकलेली मांडणी दोनदा माझ्या डोक्यात पडली. तुम्ही दुरुस्त केल्यापासनं मोरीचा नळ बंदच होत न्हाय. तुमच्या हातचं विमान उडंल, हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं न्हाय."