काळजाचा तुकडा

माझी भाची करिष्मा भिलाईत फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे. शरीराचे अवयव दाखवणारा तक्ता तिच्या खाटेवर टांगलेला असतो आणि घरातला प्रत्येक माणूस म्हणजे तिचं प्रॅक्टिकल. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ नरेश, स्टील प्लांटमधून रिटायर झालेला. तो तिला "माह्या काळजाचा तुकडा" म्हणायचा. पोरीला लाड चाललेत एवढंच कळायचं, कारण भाऊ-वहिनींनी तिच्याशी पहिल्यापासून हिंदीच लावलेली.

एका रविवारी जेवण झाल्यावर नरेश तिला म्हणाला, "माह्या काळजात लय दुखून राहिलं व पोरी."

रुआबांधा वस्तीतल्या मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की लिव्हर मिळतं. तेव्हा काळीज म्हणजे तेच, असं तिनं धरलं. उजव्या बरगड्यांखाली दाबून पाहिलं. "पापा, लिव्हर तो ठीक है, आज मटन ज्यादा हो गया," म्हणाली आणि पित्ताची गोळी दिली. त्यानंही मुकाट्यानं घेतली. पोरगी शिकून राहिली ना!

संध्याकाळी तो घामानं भिजून कोसळला. हृदयाचा झटका दुपारीच येऊन गेला, असं डॉक्टर म्हणाले.

नरेश वाचला, पण चार पायऱ्या चढला तरी धापा टाकतो. करिष्मा हृदयाचे कप्पे घडाघडा पाठ म्हणते, तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटतं. पोरीला घरच्या बोलीतला एक शब्द शिकवला नाही, आता राग कुणावर काढू?

नरेश तिला एका शब्दानं बोलला नाही. फक्त काळजाचा तुकडा म्हणायचं सोडलं. आता नुसतं "बेटा" म्हणतो.