अकरा सह्यांचं पत्र

आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रकं येत. बाबा डाव्या कामगार संघटनेचे, त्यामुळे मी स्वतःच्या नावाआधी 'जाहीर निषेध' लिहायला शिकले, असं आई सांगते. गणितात पीएच.डी. करायला नॉर्थ कॅरोलायनात आले, तरी खोड गेली नाही. विभागातलं कॉफी मशीन बंद पडलं तेव्हा मी जो ईमेल लिहिला, त्यात 'शोषण' हा शब्द दोनदा होता.

म्हणूनच असेल, पण सरांच्या निवृत्तीच्या चहापानासाठी त्यांचा एक पानी परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, मूळचे रोमानियाचे. 'नावाने हाक मार' असं त्यांनी मला वर्षभर सांगितलं, मग नाद सोडला. ज्या राजवटीचं बाबांच्या पत्रकांत कौतुक असायचं, तशाच एका राजवटीत सर प्रत्यक्ष राहिले होते. ही अडचण मी चुटकीसरशी सोडवली: राजवट चुकीच्या माणसांच्या हाती होती आणि सर त्यांच्याशी लढले.

मसुदा रूममेटला वाचून दाखवला. ती नागपूरची. म्हणाली, "काय गं, सत्कार करून राहिली का घेराव?"

सरांनी तो माझ्या प्रबंधासारखाच तपासला. 'निर्भीड'खाली रेघ: कशावरून? 'हुकूमशाहीशी झुंज' याच्यापुढे: सिद्धता? मग ते थांबले.

"मी झुंजलो नाही. सही केली."

त्यांच्या गुरूंनी परदेशातल्या गणितज्ञांशी परवानगीशिवाय पत्रव्यवहार केला होता. त्यांना काढून टाका, अशी मागणी करणाऱ्या पत्रावर विभागातल्या अकरा जणांनी सह्या केल्या. गुरूंना पुन्हा कधीच शिकवता आलं नाही.

"हे परिचयात हवं," सर म्हणाले. "मला हे एकदा छापलेलं बघायचंय."

मी हादरले. सरांसाठी नव्हे, माझ्या पानासाठी. त्यातला नायकच गेला होता. दुसऱ्या दिवशी मी तडजोड घेऊन गेले: 'त्यांना सही करण्यास भाग पाडण्यात आलं.'

"कोणी?" सरांनी विचारलं. "त्याचं नाव लिही."

"व्यवस्थेने, सर."

"व्यवस्था खोलीत नव्हती. टेबल होतं, पत्र होतं आणि मी होतो. मला गणित करत राहायचं होतं. तेवढंच लिही."

"आणि बाकीचे दहा?"

"चौघं हयात आहेत. विचारून बघतो. मला एकट्यालाच आठवत असेल, तर ती आठवण की भ्रम, हे कोण सांगणार?"

त्यांनी चौघांना मेल केला. आता सामूहिक निवेदन निघणार, या आशेने मी मथळासुद्धा ठरवून ठेवला. उत्तरं आली तशी सर मला भाषांतर करून सांगत गेले. पहिला त्या दिवशी तापाने फणफणला होता. दुसरीच्या आईचं ऑपरेशन होतं. तिसऱ्याचं पोट बिघडलं होतं; शिवाय असं पत्रच कधी निघालं नव्हतं, असंही त्याने कळवलं.

"त्या दिवशी मोठी साथ आली असणार," सर म्हणाले. हसले, पण तेच मेल पुन्हा पुन्हा उघडत राहिले.

चौथ्याचं उत्तर चहापानाच्या दिवशी सकाळी आलं. मी छापलेले कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले होते. दोनच वाक्यं होती. सरांनी ती आधी मनात वाचली, मग मला सांगितली.

"'हो, तुझ्यानंतर मी सही केली. पेन तूच माझ्या हातात दिलंस.'"



"हे मी विसरलो होतो," ते म्हणाले. "ही ओळ घाल."

"'द्यावं लागलं' असं लिहू का?" हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. हातातले कागद रद्दीच्या पेटीत टाकले, ती ओळ सरांनी सांगितली तशी टाइप केली आणि प्रिंटरपाशी जाऊन उभी राहिले.