तोयोजीची दोन बोटं

आमच्या कागद गिरणीच्या बेसबॉल संघात तोयोजी हाताकेयामा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता आणि मी त्याचा कॅचर, बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा. एरवी दोघंही लगद्याच्या हौदावर कामाला. तो पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात चेंडू दाबून फेकायचा. चेंडू बॅटरपर्यंत सरळ यायचा आणि ऐन वेळी, कड्यावरून पाय घसरावा तसा खाली जायचा. अख्ख्या आओमोरी प्रांतात त्या चेंडूला 'विहीर' म्हणत.

साध्या हातानं असा चेंडू पडतो यावर कोणाचा विश्वास बसेना. बोटं जास्त फाकावीत म्हणून यानं बेचक्यातली कातडी कापून घेतलीय, अशी आवई उठली. साकेचा पेला पुढे करून लोक म्हणायचे, "दाखव की रे हात!" तोयोजी मूठ आवळून नुसता हसायचा.

"सांगून टाक ना खोटं आहे म्हणून," मी एकदा म्हटलं.

"कशाला? घाबरलेला बॅटर निम्मा बाद असतो."

तिशी उलटली आणि चेंडू पडेनासा झाला. नुसताच तरंगत यायचा. हाचिनोहे गावच्या संघातल्या पोरांनी आम्हाला धू धू धुतलं. त्या हिवाळ्यात तोयोजी जेवतानाही बोटं ताणत बसायचा.

"लोक म्हणतात त्यात तथ्य असेल तर?" तो एकदम म्हणाला.

"वेड लागलंय का? ती आवई तूच पोसलीस!"

"कापून द्यायला डॉक्टरही नको म्हणाला," तो पुटपुटला.

पुढच्या रविवारी त्याची बायको किनू बर्फातून धावत आमच्या दारात आली. "भावजी, लवकर चला! यांनी वस्तरा घेऊन..."

तोयोजी न्हाणीघरात बसला होता, उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. दात कडकड वाजत होते. "वसंतात बघच तू," तो म्हणाला.

जखम चिघळली. बोटं राहिली, पण वाकेनात. गिरणीनं त्याला फाटकावर पहाऱ्याला बसवलं. बाहेरगावचे खेळाडू आत येताना त्याच्या हाताकडे बघायचे. "म्हटलं नव्हतं? कापलेलंच आहे!" असं त्याच्यासमोरच एकमेकांना सांगायचे. तो नोंद करून फाटक उघडायचा. घरी माशाचे काटे किनू काढून द्यायची, कारण जेवणाच्या काड्या त्याला धरता येत नव्हत्या.

एका दुपारी त्यानं मला गोदामामागे बोलावलं. "बस खाली. डाव्यानं टाकून बघतो."

मी बसलो. पहिला चेंडू निम्म्यातच आपटला, दुसरा भिंतीवर गेला. तिसरा हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. मग चेंडू माझ्या हातात आणून दिला, कोट चढवला आणि फाटकाकडे निघून गेला. बेसबॉलविषयी तो पुन्हा कधी माझ्याशी बोलला नाही.