बबिताची तांबी

राजेश्रीवहिनींना बबिताच्या सोन्यानाण्याचा कधी हेवा वाटला नाही. वाटला तो तिच्या तांबीचा.

दोघी पोखर्णीच्या, खुरपायला एकाच शेतात. दोघींना दोन-दोन लेकरं आणि तिसरं दोघींनाही नको होतं. बबितानं तांबी बसवून घेतली आणि ती मोकळी झाली. वहिनी मात्र दर महिन्याला जीव मुठीत धरून पाळीची वाट पाहायच्या. एकदा ती लांबली. वहिनी बोटांवर दिवस मोजत होत्या, आणि शेजारच्या पातीवर बबिता खुरपता खुरपता गुणगुणत होती. त्या गुणगुणण्याचा वहिनींना इतका राग आला, की त्या उठून शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

दवाखान्यातल्या सिस्टरांनी सांगितलं होतं, "पाळी आली की या." पण पाळी आली की वहिनी बाजूला बसायच्या. पडवीत पोतं अंथरलेलं, ताट-तांब्या वेगळा. त्यात दवाखान्याची वाट नरसिंहाच्या देवळासमोरून.

"तसल्यात देवापुढून जायचं न्हाई," सासूबाई, सरजाबाई, म्हणायच्या.

डोक्यावरून न्हाणं होईपर्यंत पाळी सरलेली असे. मग वहिनी पुढच्या महिन्याकडं डोळे लावायच्या.

बबिता बौद्ध घरातली. तिच्या घरी बाजूला बसणं नाही. ती पाळीतच देवळासमोरून गेली, तांबी बसवून आली आणि संध्याकाळी भाकरी थापायला बसली.

"तुझं बरं हाय बाई," वहिनी एकदा म्हणाल्या. "तुला धरून ठेवायला कुणी न्हाई."

"तुमाला काय साखळी बांधलीय का? न्हाऊन चला की."

"न्हाल्यावर बसत न्हाई ती."

"कोण म्हनलं?"

वहिनींनी आठवून पाहिलं. असं कुणीच म्हटलं नव्हतं.

पुढच्या पाळीत न्हाणं झालं त्याच सकाळी त्या बबिताला घेऊन निघाल्या. नवऱ्याला, योगीराजदादांना, ठाऊक होतं. सासूला दर्शनाचं सांगितलं.

सिस्टरांनी विचारपूस केली, तपासलं. "पाळीत सोपं जातं म्हणून तसं सांगतो. पण दिवस गेलेले नाहीत याची खात्री असली, की एरवीही बसवता येते. इतके महिने थांबलात कशाला?"

वहिनींनी मान वळवली. पडद्याच्या खालून बाहेरच्या बाकाजवळ बबिताचे पाय दिसत होते, निवांत हलणारे. ते सगळे महिने ही बाई सुखानं झोपली होती.

तांबी बसली. परतताना ओटीपोटात कळा येत होत्या. बबितानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"दुखायलंय का?"

"तुला दुखलं हुतं का?"

"थोडंसं."

"मंग मलाबी थोडंसंच."

देऊळ मागं पडलं. मग वहिनी म्हणाल्या, "तुझी पाळीत बसली. माझी न्हाऊन-धुऊन बसली."

"बरं," बबिता म्हणाली. "तुमच्या तांबीला शिवत न्हाई मग आमी."

वहिनी ओशाळल्या. त्यांनी पिशवीसाठी हात पुढं केला. बबितानं ती दुसऱ्या खांद्याला अडकवली आणि त्यांच्या संथ पावलांनी चालत राहिली.