पारिजातकाच्या पाटीवरचं ‘दुःखी’

“सर, तेवढं ‘दुःखी’ खोडा,” सरपंच म्हणाले. “शहिदाच्या नावाचं झाड हाय. उद्या पाव्हणं येणार, काय म्हणतील?”

मी सांगलीत बॉटनी शिकवायचो. रिटायर झाल्यापासून बागांतल्या झाडांच्या पाट्या करून देतो. आष्ट्याजवळच्या या गावानं आपल्या जवानाच्या आठवणीत पारिजातक लावला होता. त्याचं शास्त्रीय नाव निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस. आर्बर म्हणजे झाड, ट्रिस्टिस म्हणजे दुःखी. दोन्ही शब्द लॅटिन. रात्री फुलतं आणि उजाडता उजाडता सगळी फुलं गाळून उदास उभं राहतं, म्हणून हे नाव. मी अर्थासकट पाटी रंगवून आणली होती.

“जगभर हेच नाव आहे. मी बदलणारा कोण?” मी जरा तडकलोच.

“मग अर्थ तरी पुसा. अभिमानाची गोष्ट हाय ही.”

जवानाची आई, शालनताई, झाडाच्या आळ्यात पाणी घालत होत्या. त्यांनी कळशी खाली ठेवली.

“आवं सर, त्या भाषेत दुःखाला ह्यो एकच शब्द हाय?”

“छे हो, पुष्कळ आहेत. डोलोर म्हणजे कळ, वेदना. लुक्टुस म्हणजे चारचौघांत केलेला शोक, आपल्या सुतकासारखा. माएरोर म्हणजे आतल्या आत कुढणं.”

“आन गेलेल्याची वाट बघायची, त्याला?”

“डेसिडेरिउम. सीडुस म्हणजे तारा. हा शब्द त्यातूनच आला, असं बरेच जण मानतात. रोजचा तारा आभाळात दिसेना झाला की जीव कसा लागून राहतो, तसं काहीसं.”

त्या सरपंचांकडं वळल्या.

“बाळासाहेब, पोरगं गेल्यापास्नं जो येतो त्यो ‘अभिमान धरा’ म्हणतो. हाय की अभिमान. न्हाई कोण म्हणतंय? पर मला रडू कुणी देत न्हाई. ऱ्हाऊ दे त्यो शब्द. कुटंतरी लिवलेलं असू दे.”

सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढली. “ऱ्हाऊ दे, काकी,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. भाषणांत अभिमान पुष्कळ होता. शालनताई पाटीपाशी उभ्या राहून मोठ्यानं रडल्या. कुणीही त्यांना गप्प केलं नाही. मीही चष्मा पुसत राहिलो.

तेव्हापासून कुणाच्या आठवणीत लावलेल्या झाडाच्या पाटीवर अर्थ लिहायचा की नाही, हे मी सरपंचांना किंवा बागेच्या कमिटीला विचारत नाही. ज्याचं माणूस गेलंय, त्याला विचारतो.