उशीवरचा रुपया

बेळगावातले अनगोळचे घर सोडून आम्ही प्रवासाला निघालो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि शेवंताक्का अंगण झाडत होती. येळ्ळूरहून पहिल्या बसने येणारी ही बाई अकरा वर्षे आमच्याकडे काम करते आहे. माझ्या पत्नीने, सुनंदाने, तिला चहा विचारला.

“नको वैनी, माझा झालाय.”

पुढच्या सोप्यातल्या कुंड्यांना पाणी घालायचे म्हणून मी तिच्या हाती बाहेरच्या दाराची किल्ली दिली. आतल्या खोलीला मी आधीच कुलूप लावले होते.

“एकच किल्ली व्हय, साहेब?”

“कुंड्या बाहेरच आहेत ना.”

“ते बी खरंच. आत काय झाडं हाईत?” ती हसली आणि पुन्हा खराटा मारू लागली. मीही हसलो. त्या हसण्यात काय होते, हे समजायला मला व्हिएतनामपर्यंत जाऊन यावे लागले.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने आमच्या लग्नाच्या तिसाव्या वर्षाची भेट म्हणून तिकिटे काढून दिली होती. सुनंदाचे माहेर संकेश्वरचे. घरात मराठी आणि स्वयंपाकघरात कन्नड अशा कुटुंबात ती वाढली. निघण्यापूर्वी तिने आपल्या आईच्या रीतीप्रमाणे ‘मुडिपू’ बांधला. मुडिपू म्हणजे देवाच्या नावाने हळदीच्या फडक्यात गाठ मारून ठेवलेले नाणे. प्रवासभर ते जवळ बाळगायचे, सुखरूप परतल्यावर देवीला नेऊन वाहायचे. तोपर्यंत गाठ सोडायची नाही. तिच्या मुडिपूत सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाचा एक रुपया होता.

हनोई शहराच्या जुन्या भागातले आमचे हॉटेल एखाद्या उभ्या पेटीसारखे होते. रुंदी दोन खोल्यांची, उंची सहा मजल्यांची. आत शिरताच उजव्या हाताला, जमिनीलगत, एक लाल रंगाचा लाकडी देव्हारा होता. त्यात दोन हसऱ्या मूर्ती, पुढे संत्री, उदबत्त्या, चहाचे इवलेसे पेले आणि बारीकसारीक नोटा. देव इतका खाली, अगदी चपलांच्या उंचीवर, हे मला खटकले. मी सुनंदाला तसे म्हटलेही. ती म्हणाली, “जमिनीचा देव असंल, जमिनीवर बसलाय.”

काउंटरवर तुआन नावाचा तिशीतला गृहस्थ होता. त्याचे इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार होते. इकडे कोणाला काय द्यायची पद्धत आहे, असे मी त्याला पहिल्याच दिवशी विचारून घेतले.

“बंधन काही नाही, सर. खोली आवरणारीला द्यावेसे वाटले, तर सकाळी निघताना उशीवर ठेवा. टेबलावर किंवा खिडकीत राहिलेल्या पैशाला ती हात लावत नाही. उशीवरचे तेवढे तिचे.”

मला ही व्यवस्था आवडली. आवडली, आणि मी ठरवले की रोज कशाला, शेवटच्या दिवशी एकदम देऊ. हा विचार काटकसरीचा वाटतो. वास्तविक तो टाळाटाळीचा असतो. बेळगावातही मी हेच करीत आलो आहे. बडीशेपेच्या बशीखाली सुटे पैसे सरकवायचे आणि वाढप्याने बशी उचलण्याआधी पायऱ्या उतरायच्या. दिले थोडे याची लाज वाटते, आणि जास्त द्यावे असेही वाटत नाही.

आमची खोली होआ आवरीत असे. होआ म्हणजे फूल. पस्तिशीची, ठेंगणी, हाताला सतत साबणाचा वास असलेली बाई. सुनंदाने पहिल्याच सकाळी बेळगावच्या कुंद्याचा (आटवलेल्या दुधाच्या मिठाईचा) डबा उघडून तिच्या तळहातावर एक मोठा घास ठेवला. होआने तो दोन्ही हातांनी घेतला, उभ्या उभ्या खाल्ला आणि डोळे मिटले. “काम उन” (आभारी आहे), ती म्हणाली. सुनंदाने मराठीत विचारले, “आवडला न्हवं?” तिने मान हलवली. त्यानंतर त्या दोघी भेटल्या की आपापल्या भाषेत खुशाल बोलत, आणि मी मध्ये उभा राहून एकीचेही बोलणे दुसरीला समजावून देऊ शकत नसे.

दोन दिवस आम्ही तळ्याकाठी फिरलो, रस्त्यावरच्या बुटक्या स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन ‘फो चाय’ (भाज्यांच्या रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया) खाल्ला. दुचाक्यांच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडताना सुनंदा माझा सदरा घट्ट धरून ठेवी. “हळू चाला वो, थांबू नका,” एवढाच तिचा मंत्र. खरोखर, न थांबता हळू चालत राहिले की तो लोंढा आपणहून आपल्याला वाट देतो.

तिसऱ्या दिवशी हालाँगच्या खाडीवर जायचे होते. हिरव्या पाण्यातून शेकडो डोंगर वर आलेले, आणि त्यांच्या मधून आमची बोट चालली होती. सुनंदा कठड्याशी उभी राहून म्हणाली, “आईला हे दाखवायला हवं होतं.” तिची आई गेल्याला तीन वर्षे झाली आहेत. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या लग्नाच्या तीस वर्षांत मी चारचौघांत असे केल्याचे मला आठवत नाही.

संध्याकाळी खोलीत परतलो, तेव्हा चादरी बदललेल्या होत्या, अभ्रे पांढरेशुभ्र होते, आणि सुनंदा उशीखाली, गादीखाली, पर्समध्ये काहीतरी शोधीत होती.

“अय्यो देवरे,” ती एकदम खाली बसली. “मुडिपू गेला वो. सकाळी गडबडीत उशीवरच राहिला.”

“रुपयाच तर होता. दुसरा बांधू.”

“दुसरा बांधायला तो काय माझा हाय?” ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडू लागली. रुपयासाठी ती रडत नव्हती. ती गाठ कशी मारायची ते तिला आईने शिकवले होते.

तिचे रडणे मला सहन होत नाही. ते थांबवायला मला काहीतरी करावे लागते, आणि त्या काहीतरीने माझ्या हातून चुका होतात. मी तडक खाली गेलो आणि तुआनला सांगितले, “आमच्या खोलीतले पैसे नाहीसे झाले आहेत.”

“कुठे होते, सर?”

“उशीवर.”

“मग तिने टीप समजून घेतले असतील.”

“मी टीप ठेवलेली नाही,” मी म्हणालो. “तीन दिवसांत एकदाही ठेवलेली नाही. हे ती जाणते.”

हे वाक्य मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून उच्चारले होते. तुआनने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि वही उघडली.

“किती रक्कम, सर?”

इथे मला खरे बोलायचे होते. एक रुपया, असे म्हणायचे होते. परंतु परदेशातल्या काउंटरवर, कोट घालून, एका रुपयाची तक्रार करणारा माणूस होण्याची मला लाज वाटली. मी म्हणालो, “रकमेचा प्रश्न नाही. गोष्ट महत्त्वाची आहे.”

त्याने रकमेची जागा रिकामी सोडली. रिकाम्या जागेत वाचणारा हवी तेवढी रक्कम भरून घेतो, हे कार्यालयात हेडक्लार्क म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली उतरलो, तर काउंटरपाशी होआ उभी होती. अंगावर कामाचा निळा पोशाख नव्हता. हातात हेल्मेट होते. माझ्याकडे तिने पाहिले नाही. ती सरळ सुनंदाकडे आली, तिचे मनगट धरले आणि तिला दाराजवळच्या लाल देव्हाऱ्याकडे घेऊन गेली. दोघी उकिडव्या बसल्या. संत्र्यांच्या मागे, मूर्तींच्या पायाशी, हळदीचे फडके होते. गाठ जशीच्या तशी. शेजारी एक उदबत्ती नुकतीच विझली होती.

होआ आपल्या फोनमध्ये बोलली आणि फोनने त्याचे इंग्रजी करून वाचले: “चादरी काढताना जमिनीवर पडतात, पाय लागतो. ही देवाची वस्तू वाटली. म्हणून इथे आणून ठेवली. येता-जाता तुम्हाला दिसेल असे वाटले.”

काल संध्याकाळी आम्ही त्या देव्हाऱ्यासमोरूनच वर गेलो होतो. चपलांच्या उंचीवरच्या देवाकडे मी पाहिले नव्हते.

“किती पैसे आहेत यात?” तुआनने विचारले. त्याच्या आवाजात चौकशीपेक्षा काळजी होती. सुनंदाने माझ्याकडे पाहिले. मग, आईने सोडू नकोस म्हणून सांगितलेली गाठ तिने तिथे सोडली आणि रुपया काउंटरवर ठेवला.

“इतकाच?”

“इतकाच,” मी म्हणालो.

तुआनने शांतपणे सांगितले की तक्रार कालच साफसफाईच्या ठेकेदाराकडे पोचली आहे. होआवर मागे कोणा पाहुण्याची एक तक्रार झालेली आहे. दुसरी आली की माणूस बदलतात. आज तिला वर जाऊ नको असे कळवले आहे.

मी कागद मागितला. पत्रे लिहिण्यात माझे आयुष्य गेले आहे. ‘असे निदर्शनास आले आहे’, ‘असे समजते’ अशी, कोणीच काही केलेले नसते अशी पत्रे. त्या दिवशी मी लिहिले: नाणे एका रुपयाचे होते. ते मी जाणत होतो. लाजेने मी ते सांगितले नाही. या बाईंनी त्याची माझ्यापेक्षा अधिक चांगली काळजी घेतली. खाली सही, पत्ता, बेळगाव.

तुआनने ते पाठवले आणि फोनही केला. त्या सकाळी आम्हाला एक जुने देऊळ पाहायचे होते, ते राहिले. आम्ही तिघे बाकावर बसून राहिलो. सुनंदा मध्ये. तिने कुंद्याचा डबा मांडीवर घेतला होता, पण उघडला नाही. अकराच्या सुमारास फोन वाजला. तुआन ऐकत राहिला, मग त्याने होआकडे पाहून जिन्याकडे बोट केले. तिने हेल्मेट बाकाखाली सरकवले.

मी खिशातून नोटा काढल्या, शेवटच्या दिवसासाठी ठेवलेल्या होत्या त्या सगळ्या, आणि तिच्यापुढे धरल्या. तिने दोन्ही हात मागे घेतले. फोन बोलला: “आज नको. आज घेतले तर ते कशाचे म्हणू? जाताना ठेवा. सगळे ठेवतात तसे.”

ती वर गेली. मी नोटा पुन्हा खिशात घातल्या. इतके जड पाकीट मी कधी वागवले नव्हते.

उरलेले तीन दिवस मी रोज सकाळी उशीवर पैसे ठेवले, बेताचे, सगळे ठेवतात तसे. आणि ती येईपर्यंत दारात थांबून तिला नमस्कार केला. शेवटच्या सकाळी तिनेही हात जोडले. सुनंदाने कुंद्याचा उरलेला डबा तिला दिला आणि मुडिपूची गाठ तिच्यासमोर पुन्हा बांधली. गाठीचे एक टोक होआने धरले होते.

मुंबईहून आम्ही बसने निघालो. निपाणीजवळ न्याहरीसाठी गाडी थांबली. बाहेर उसाच्या ट्रॉल्या रांगेने चालल्या होत्या. मी पैसे बशीखाली न सरकवता वाढप्याच्या हातात दिले. तो चकित होऊन म्हणाला, “काय अण्णा, काय राहिलं काय आणायचं?” मला हसू आले. समोरासमोर हातात काही देणे आपल्याकडे इतके अनोळखी झाले आहे.

घरी पोचलो तेव्हा कुंड्या हिरव्यागार होत्या. शेवंताक्काने किल्ली माझ्या हातात दिली.

“मोजून घ्या साहेब. एकच हाय.”

किल्ली घेताना मला एक जुनी गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी आमची चांदीची वाटी दिसेनाशी झाली होती. “शेवंताक्का, नीट आठवून बघा,” असे मी तिला म्हणालो होतो. शब्द एवढेच, परंतु स्वर मला अजून ऐकू येतो. आठवड्याने वाटी देवघराच्या फळीमागे सापडली. मी ती पुसून जागेवर ठेवली आणि गप्प बसलो.

“शेवंताक्का,” मी म्हणालो, “ती वाटी. ती घरातच होती. मला सापडली होती. तुम्हाला मी सांगितले नाही. माझी चूक झाली.”

तिने पदर खोचला.

“ठावं हाय की. वैनीनी तवाच सांगितलंय मला.”

“मग तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“मी का बोलू? इचारल्यालं तुमी न्हवं? तुमीच सांगाय पायजे.” मग म्हणाली, “दोन वर्सं झाली, ह्या घरचा चा घेतल्याला न्हाय मी. ध्यानात तरी आलं काय तुमच्या?”

आले नव्हते. रोज सकाळी तिचे “माझा झालाय” मी ऐकले होते, आणि ती पिऊन येते असेच धरून चाललो होतो.

सुनंदा प्रवासाच्या बॅगा उघडत होती. मी स्वयंपाकघरात गेलो आणि आधण ठेवले. माझ्या हातचा चहा काही फार चांगला होत नाही. मागून शेवंताक्काचा आवाज आला. ती दारात, उंबऱ्याला पाठ लावून बसली होती.

“साकर बेतानं घाला, साहेब. आन् आलं हाय काय घरात?”